फोन मोठा झाला, हात तेवढेच राहिले

मोबाईलवर गेम खेळायला कंट्रोलर कोणता घ्यावा, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. सॉफ्टवेअरवाला म्हटला की त्याला प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं कळतं, असा आपल्याकडे एक समज आहे. असो. ऑफिसातल्या मंडळींना एखादी लिंक पाठवली की काम भागतं. या वेळी मात्र प्रश्न कारध्याहून आला, आणि लिंक पाठवून सुटण्यासारखा नव्हता.

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. माझी ताई तिथे असते. भाचा अकरावीत. त्याचा मेसेज: "मामाजी, गेमचा कंट्रोलर घ्याचा हाये. फोन मोठा हाये आपला. कोनता घेऊ?" बजेट तीन हजार, तेही दिवाळीपासून साठवलेले.

त्या वाक्यातला "आपला" हा शब्द महत्त्वाचा. फोन त्याचा नाही, घरातला आहे. भाऊजींचं छोटं किराणा दुकान आहे. दिवसभर तो फोन दुकानात असतो, त्याच्यावर पैसे आल्याचे मेसेज येतात, माल पाठवणाऱ्यांचे फोन येतात. रात्री जेवणं झाली की तास-दीड तास तो पोराच्या हातात.

या विषयावरचे बहुतेक सल्ले वाचलेत तर एक गोष्ट लक्षात येईल. फोन एकाच माणसाचा आहे, तो सतत त्याच्याच खिशात आहे आणि दोन वर्षांनी तो नवा घेणार आहे, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पुण्या-बंगळुरात आपल्यापैकी अनेकांचं असंच असतं, म्हणून ते खटकत नाही. कारध्यात खटकतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहा संपायच्या आत उठायचंय ते उठू शकतील. फोन मोठा असेल तर त्याला चिकटणारा कंट्रोलर घेऊ नका. वेगळा, पूर्ण आकाराचा, ब्लूटूथवर चालणारा कंट्रोलर घ्या आणि फोन समोर स्टँडवर ठेवा. आता कारणं.

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला ताणून बसवायचा. फोन आडवा धरायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना मुठी येतात, मध्ये फोन चिमटीत पकडल्यासारखा बसतो. बॅकबोन वन, रेझरचा किशी, गेमसरचा जी८ ही या प्रकारातली गाजलेली नावं. दुसरा प्रकार म्हणजे आपला नेहमीचा, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सबरोबर येतो तसा, फोनपासून वेगळा.

पहिल्या प्रकाराची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती कमकुवत नाही. फोन दोन्ही हातांच्या बरोबर मध्ये येतो, त्यामुळे वजन सारखं वाटलं जातं. त्यातले बरेचसे थेट चार्जिंग पॉइंटमध्ये जोडले जातात, म्हणजे वेगळं चार्जिंग नाही आणि बटण दाबल्यापासून गेममध्ये हालचाल होईपर्यंतचा उशीरही कमी. कंपनीच्या बसमध्ये रोज दीड तास जात असेल आणि फोन फक्त तुमचाच असेल, तर तुम्ही हाच घ्या. समोर स्टँड ठेवायला बसमध्ये टेबल नसतं.

पण मोठ्या फोनचं गणित इथेच बिघडतं. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा होता साडेतीन इंच आणि वजन १३५ ग्रॅम. २०२४ चा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा घ्या: पडदा ६.८ इंच, लांबी १६२.३ मिलिमीटर, वजन २३२ ग्रॅम. कव्हर चढवलं की आणखी. ताणून बसवायच्या कंट्रोलरची पकड किती मिलिमीटरपर्यंत उघडते हे ठरलेलं असतं. गेमसर जी८ मध्ये १८५ मिलिमीटरपर्यंत लांबीचा फोन बसतो, म्हणजे तिथे अडचण नाही. सगळ्यांचं तसं नाही. शिवाय प्रश्न फक्त लांबीचा नसतो. कव्हरची जाडी आड येते, कॅमेऱ्याचा उंचवटा आड येतो. मग रोज खेळण्याआधी कव्हर काढा, खेळून झाल्यावर घाला. दुकानातला फोन बिनाकव्हरचा ठेवून बघा एकदा, फरशीवर पडायला आठवडा लागणार नाही.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. विदर्भातला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. ४४-४५ डिग्रीत फोन नुसता ठेवला तरी कोमट होतो. गेम चालू असताना तो आपली उष्णता बाहेर टाकायला बघतो, ते जमेना झालं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. यात कंट्रोलरचा काही दोष नसतो, पण मागची बाजू जितकी झाकाल तितका त्रास जास्त. स्टँडवर ठेवलेल्या फोनच्या मागे पंख्याचा वारा तरी लागतो. (कव्हर काढायचंच असेल तर ते इथे काढा, फोन टेबलावर आहे तोवर.)

तिसरी गोष्ट कारध्याची खास. वैनगंगेची पाणीपातळी कारध्याच्या पुलाजवळ मोजतात. २०२० च्या ऑगस्टअखेर वरून, मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं आणि भंडारा शहरासकट नदीकाठची गावं पाण्यात गेली. तेव्हापासून पावसाळ्यात पातळीचे मेसेज रात्रीसुद्धा वाचले जातात. अशा घरातला एकमेव मोठा फोन चिमट्यात अडकलाय, फोन वाजला की आधी तो ओढून काढायचा आणि मग बोलायचं, हे मला पटत नाही. स्टँडवरचा फोन उचलला की झालं. गेममध्ये मरायचं ते मरेल, पुन्हा उठेल.

आता कोणी म्हणेल, की वेगळ्या कंट्रोलरला फोन धरणारी क्लिप मिळते की, ती लावा. मिळते. आणि पाच इंची फोनच्या काळात ती बरीही होती. आता हिशोब करा. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर २८० ग्रॅमच्या आसपास, वर फोन २३२ ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोच्या वर गेलं. त्यातही फोनचं वजन मुठींच्या वर, हातापासून लांब येतं. तराजूची दांडी एका बाजूला कलावी तसा तो सगळा डोलारा पुढे कलत राहतो आणि मनगटं तो सावरत राहतात. अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं. ज्यांचे हात आठवडाभर कीबोर्डवर असतात त्यांनी शनिवारी मनगटाला हे आणखी का द्यावं?

म्हणून स्टँड. मोठ्या पडद्याचा फायदा खरा तिथेच मिळतो. साडेतीन इंची फोन हातभर अंतरावर ठेवून काही दिसलं नसतं. ६.८ इंची फोन पाटावर किंवा चार पुस्तकांवर टेकवून ठेवला तर तो छोटा टीव्हीच होतो. मान खाली जात नाही, हात मांडीवर निवांत राहतात.

ब्लूटूथवर लॅग येतो, ही तक्रार मी ऐकली आहे आणि ती खरी आहे. तारेपेक्षा काही मिलिसेकंद जास्त लागतात. पण ते कशाच्या तुलनेत हे बघा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र बदलायलाच १६.७ मिलिसेकंद लागतात. ऑनलाइन गेममध्ये पिंग ५० दाखवत असेल तर सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ५० मिलिसेकंद गेले. गावात नेटवर्क डुलक्या घेतं तेव्हा हा आकडा कुठल्या कुठे जातो. स्पर्धेत उतरणाऱ्याला तारेचा फायदा कळेल. रात्री जेवून खेळणाऱ्याला नाही.

पण हे सगळं नंतरचं. पैसे खर्च करण्याआधीचा पहिला प्रश्न वेगळाच आहे: खेळतोस काय?

भाच्याचं उत्तर आलं, "बीजीएमआय, कॉल ऑफ ड्यूटी आन् माइनक्राफ्ट." आता गंमत बघा. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, आणि आपल्याकडे कंट्रोलर घ्यावासा वाटणारी निम्मी पोरं तोच खेळतात. त्यात कंट्रोलर अधिकृतपणे चालतच नाही! स्वस्त कंट्रोलरच्या खोक्यावर "चालतो" असं छापलेलं असतं, पण ते एका मधल्या ॲपच्या जोरावर. तुम्ही बटण दाबता, ते ॲप पडद्यावर बोट टेकल्याचा आव आणतं. गेमवाल्यांच्या नजरेत ही लबाडी. खातं गेलं की दोन वर्षांची कमाई गेली. फक्त बीजीएमआय खेळत असाल तर हा लेख इथेच सोडा, तीन हजार वाचले.

कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून कंट्रोलर चालतो, आणि कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घालून दिली जाते, म्हणजे फसवणुकीचा प्रश्न नाही. माइनक्राफ्टमध्येही चालतो. गेनशिन इम्पॅक्टसारख्या खेळात आयफोनवर २०२१ मध्ये सोय आली आणि अँड्रॉइडवाले त्यानंतर कैक वर्षं वाट बघत बसले. तात्पर्य, गेमचं नाव आणि आपला फोन, दोन्ही धरून तपासायचं. अँड्रॉइडला गेमपॅड २०११ पासून, ३.१ पासून कळतात. अडतं ते गेम बनवणाऱ्यापाशी.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आला. आपल्याच मातीतला, राजस्थानी रंगांचा, पुराणकथांचा. असा खेळ कंट्रोलरवर खेळायची मजा वेगळी. आणि वेगळा कंट्रोलर असेल तर तोच उद्या लॅपटॉपला लागतो, परवा टीव्हीला. चिमट्यातल्या कंट्रोलरचा जीव फोनवर अवलंबून असतो. फोनचा आकार बदलला, चार्जिंग पॉइंट बदलला, की तो कपाटात. आयफोनवाल्यांना २०२३ मध्ये हे कळलं, कंपनीने लाइटनिंग सोडून टाइप-सी आणलं तेव्हा. उलट दोन स्टिक, चार बटणं, बाजूला खांदे, हा साचा १९९७ च्या ड्युअलशॉकपासून फारसा बदललेला नाही. तीन हजार रुपये ज्याने सहा महिने साठवले, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

घेताना काय बघायचं ते थोडक्यात सांगतो.

एक, खोक्यावर "वायरलेस" लिहिलंय म्हणजे ब्लूटूथ असेलच असं नाही. बरेच स्वस्त कंट्रोलर स्वतःच्या छोट्या यूएसबी खुंटीवर चालतात, ती फोनला लावायची तर वेगळा ओटीजी जोड लागतो. "ब्लूटूथ" हा शब्द आणि "अँड्रॉइड" किंवा "आयओएस" हा शब्द, दोन्ही शोधा.

दोन, स्टिक हॉल-इफेक्टच्या आहेत का विचारा. साध्या स्टिकच्या आत घासणारा भाग असतो, तो झिजला की हात न लावताही पात्र एका बाजूला चालू लागतं. निन्टेन्डो स्विचच्या जॉय-कॉनचं हे दुखणं जगभर गाजलं. हॉल-इफेक्टमध्ये लोहचुंबकाने मोजणी होते, घासायला काही नसतं. कल्पना नवी नाही, सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ लाच होती. कॉस्मिक बाइट, इव्होफॉक्स यांसारखे आपल्याकडचे ब्रँड तीन हजारांच्या आत असे कंट्रोलर देतात.

तीन, जुना एक्सबॉक्सचा घेत असाल, नागपुरात सीताबर्डीत वगैरे, तर मधल्या गोल बटणाभोवतीचं प्लास्टिक बघा. ते वरच्या चकचकीत पट्टीचाच भाग असेल तर तो २०१६ च्या आधीचा, त्यात ब्लूटूथ नाही. पुढच्या मुख्य भागाचंच असेल तर आहे. त्यात दोन पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल घ्या, वीज गेली तरी खेळ चालू. :-)

चार, दुकानात हातात धरून बघा. तर्जनी वरच्या बटणांवर आपोआप पोचली पाहिजे, अंगठा ताणावा लागू नये. हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पाच, स्टँडवर उगाच पैसे घालू नका. घडीचा साधा पुरतो.

आपल्या शहरी मित्रांनाही एक सांगावंसं वाटतं. गावाकडून भाचे-पुतणे काही विचारतात तेव्हा आपण आपल्याला आवडलेली वस्तू सुचवून मोकळे होतो. त्यांच्या घरात ती कुठे ठेवली जाईल, किती जण वापरतील, बिघडली तर दुरुस्तीला भंडाऱ्याला जावं लागेल की नागपूरला, हे विचारत नाही. सॉफ्टवेअर लिहितानाही आपण हेच करतो, समोर एक माणूस आणि त्याचा एक फोन धरून चालतो. घरात एक फोन आणि चार माणसं असणारी घरं आपल्या डिझाइनमध्ये कुठेच नसतात. वेगळ्या कंट्रोलरचं मला आवडतं ते यासाठी, की फोन घरातल्या सगळ्यांचा राहतो आणि पोराच्या हक्काची अशी एक वस्तू त्याच्याजवळ येते. दुकानाचा फोन अडला म्हणून त्याला कोणी रागावणार नाही, आणि वर्षभराने बहिणीला खेळायचं झालं तर दुसरा कंट्रोलर त्याच फोनला जोडता येईल.

बसवाल्यांनी चिमट्याचा घ्यावा, बीजीएमआयवाल्यांनी पैसे वाचवावेत, बाकीच्यांनी स्टँड मांडावा. पटलं तर बघा, नाहीतर तुमची मर्जी.