नागीण कोठें दडलेली असते?

लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या कीं दुखणें संपलें, असें आपण समजतों. वस्तुतः तो विषाणु शरीर सोडून जातच नाहीं. ज्ञानतंतूंच्या गांठींत तो वर्षानुवर्षें दडून बसतो. आपल्या पेशींचा एक शिरस्ता आहे. आंत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे त्या आपल्या पृष्ठभागावर मांडतात व रक्तांतील पहारेकरी पेशी ते तपासतात. परका तुकडा आढळला कीं ती पेशी नष्ट केली जाते. हा विषाणु वाढीस लागला असतां ती मांडणीच अडवितो, आणि दडलेला असतां प्रथिनें जवळजवळ करीतच नाहीं. मग मांडावयाचें तरी काय?

उतारवयांत पहारा ढिला पडला म्हणजे तो त्याच ज्ञानतंतूच्या वाटेनें त्वचेवर उतरतो. हीच नागीण. तिचीं दोन टोकें जुळलीं कीं मृत्यु, ही भीति निराधार आहे. ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूस राहते. परंतु लेप लावण्यांत दिवस घालवूं नयेत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आंत डॉक्टरांचें औषध सुरू व्हावें. डोळ्याजवळ असल्यास त्याच दिवशीं. कांजिण्या न आलेल्या नातवंडांस आजीच्या फोडांपासून दूर ठेवावें. त्यांना नागीण नव्हे, पण कांजिण्या होऊं शकतात.