अंगणातील फुले आणि खिडकीतील तुळस

इंग्लंडमध्ये नवा संसार थाटणाऱ्या गृहिणीला घर लावून होताच फुलझाडांची ओढ लागते. परंतु रोपे विकत घेताना तिचे चित्त माहेरच्या अंगणात गुंतलेले असते, आणि निवडीतील बहुतेक चुका तेथेच होतात. मुंबई 19 अक्षांशावर, तर लंडन 51 अंशांच्याही उत्तरेस. डिसेंबरात येथील दिवस आठ तासांचाही नसतो, आणि दव गोठून कोवळी रोपे करपण्याचे भय मेच्या मध्यापर्यंत असते. म्हणून प्रथम ऊन व थंडी पाहावी, आवड मागाहून.

मोगरा लावावयाचा तर कुंडीतच लावावा. उन्हाळ्यात बाहेर, थंडी पडण्यापूर्वी घरात. कुंपणावर चढविण्यास 'कॉमन जास्मिन' नावाने मिळणारा वेल उत्तम. तो जाईच्या अगदी जवळच्या नात्यातला. थंडी सोसतो आणि उन्हाळाभर पांढरी, सुवासिक फुले देतो. पूजेतील तांबड्या जास्वंदीला येथील हिवाळा मानवत नाही. तिची बहीण 'हिबिस्कस सिरिॲकस' मात्र अंगणात खुशाल राहते. तिला पालवी फार उशिरा, कित्येकदा मे महिन्यात फुटते. तोवर वाळली समजून तिला उपटू नये. कण्हेर सर्वांगी विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या घरी ती टाळणेच इष्ट.

सणांसाठी झेंडू आणि शेवंती पुरेशी आहेत. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, तरी दसऱ्याचा मान त्याचाच! एप्रिलात घरात पेरून, मेअखेर बाहेर लावून गोगलगायींपासून जपला, तर तोरणापुरती फुले हमखास मिळतात. रात्री लांबू लागल्या की शेवंती बहरते, ती दिवाळीच्या सुमारास.

राहता राहिली तुळस. तुळशीचे लग्न तोंडावर आले असता हिची पाने गळू लागतात आणि गृहिणीचे मन अशुभाच्या शंकेने व्याकूळ होते. आपल्या हातून काही चुकले, असे तिला वाटते. वास्तविक चूक भक्तीत नसते. उजेड अपुरा पडतो आणि उष्णमान सुमारे दहा अंशांखाली गेले की हे उष्ण देशीचे रोप तग धरीत नाही. सप्टेंबरातच कुंडी दक्षिणेकडील खिडकीत आणावी, रात्री काचेपासून दूर ठेवावी, पाणी बेताने घालावे. इतके करूनही रोप गेले, तर खेद मानू नये. आधीच वाळलेल्या मंजिऱ्या खुडून कागदाच्या पुडीत बी जपून ठेवावे. एप्रिलात ते उबदार खिडकीतील ओलसर मातीवर पसरावे आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. त्याच तुळशीची लेक पुढच्या कार्तिकात वृंदावनात उभी राहते.