गावाच्या खोलीबाहेरची मुले

कोकणी माणसाला मुंबईने पोसले, असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक त्याला पोसले ते गावाच्या खोलीने. राजापूर, लांजा, संगमेश्वर, गुहागरकडून गिरणीत कामाला गेलेला तरुण परळ-लालबागच्या चाळीत गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत आपली वळकटी टाकीत असे. पाळीपाळीने झोपावे, खानावळवालीकडे उधारीवर जेवावे, गाववाल्याच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागावे आणि पगार झाला की घरी मनिऑर्डर धाडावी, असा तो क्रम होता. जी सामाजिक सुरक्षितता शासनाने दिली नाही, ती श्रमिकांनी एकमेकांना दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ही व्यवस्थाही विस्कटली. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरांच्या चुली तिनेच पेटत्या ठेवल्या होत्या, हे विसरता येणार नाही.

या खोलीची एक न लिहिलेली अट होती. तेथे घडलेली गोष्ट शिमग्यापूर्वी गावात पोहोचत असे. ज्या तरुणाचे मन तरुणाकडेच ओढ घेते, किंवा मुलगा म्हणून वाढवलेली जी व्यक्ती स्वतःला स्त्री मानते, त्यांना या खोलीत जागा होती ती गप्प राहण्याच्या बोलीवर. बोलले की खोली गेली. आणि खोलीबरोबर गाव, घर व, कायद्याने नव्हे पण व्यवहारात, सातबाऱ्यावरचा वाटाही गेला. मुलीची गत याहून बिकट. तिला खोलीही नव्हती. होती ती लग्नाची तारीख.

लैंगिक अल्पसंख्य तरुणांसाठी महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या मदतकार्याचा अर्थ या पार्श्वभूमीवरच कळतो. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट आणि १९९५ साली स्त्री संगम, म्हणजे पुढची लेबिया, सुरू झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला. अशा संस्थांच्या भोवती नावगाव नसलेले लहान लहान गट काम करतात. मध्यरात्री आलेला फोन घेणे, घरातून हाकललेल्याला चार रात्री झोपायला जागा देणे, आईबापांनी पोलिसांत बेपत्ता म्हणून नोंदवलेल्या सज्ञान मुलीबरोबर ठाण्यात जाऊन बसणे, घरी राहिलेली गुणपत्रिका मिळवून देणे, नोकरी पाहणे, हे त्यांचे रोजचे काम. ही उद्याची गावाची खोली होय. फरक इतकाच की येथे गप्प राहण्याची अट नाही.

याला उच्चभ्रूंची चैन म्हणून बाजूला सारणारे काही कार्यकर्ते आपल्यातही आहेत. त्यांनी थोडा अर्थशास्त्रीय विचार करावा. आपल्या देशात बहुसंख्यांना बेकारीत, आजारात आणि म्हातारपणी एकच आधार असतो, तो कुटुंबाचा. हा आधार तुटला की धनिकाच्या मुलाजवळ बँकेतील शिल्लक उरते, इंग्रजी शिक्षण उरते, परदेशाची वाट उरते. शेतमजुराच्या किंवा खलाशाच्या मुलाजवळ काही उरत नाही. म्हणूनच हा प्रश्न गरिबांचा अधिक आहे. त्यात जातीची भर पडते. दलित तरुणाला घराबाहेर जात आडवी येते आणि वस्तीत लैंगिकता. शहरातील समदुःखी मंडळींतही भाड्याची खोली देताना आडनाव विचारले जाते. २०१५ साली दिल्लीच्या अभिमान यात्रेत काही दलित तरुणांनी आपली जात व आपली लैंगिकता एकाच फलकावर मांडली, ती याच अनुभवातून. अमेरिकेत वर्णाचा प्रश्न असाच आडवा आला होता. न्यूयॉर्कमध्ये मार्शा जॉन्सन व सिल्व्हिया रिव्हेरा यांनी १९७० साली रस्त्यावर आलेल्या मुलांसाठी आसरा उभारण्याचे काम हाती घेतले. त्या स्वतःही कष्टकरी, निर्धन आणि गौरेतर होत्या.

पैशाचा प्रश्नही स्पष्ट मांडला पाहिजे. या कामाला बराचसा निधी आला तो एड्स प्रतिबंधाच्या निमित्ताने. रोग हेच ज्या मदतीचे कारण, ती रोगाचा धोका मोजूनच वाटली जाणार. त्यामुळे समलिंगी स्त्रियांचे गट बहुतांशी वर्गणीवर जगले, आणि ज्याला रोग नाही, केवळ एकाकीपणा आहे, अशा खेड्यातील मुलाच्या वाट्याला फारसे काही आले नाही. कामाचा भार वाहणारे तरुणही तुटपुंज्या पगारावर जगतात आणि काही वर्षांत थकतात. स्वयंसेवेवर उभी असलेली सुरक्षितता स्वयंसेवकाबरोबरच थकते, हा धडा समाजवाद्यांना नव्याने शिकवायला नको.

न्यायालयांनी काही दिले आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाची समलिंगींवरील टांगती तलवार सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दूर केली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. २०२४ साली केंद्र सरकारने राज्यांना कळविले की, शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातील मानावेत. संयुक्त बँक खात्यालाही हरकत नसल्याचे स्पष्ट झाले. परंतु दिल्लीचे पत्र तालुक्याच्या पुरवठा शाखेतील टेबलापर्यंत पोहोचवायला कोणीतरी माणूस लागतो.

हा माणूस रत्नागिरीच्या कार्यकर्त्याने व्हावे. त्याला परंपरा परकी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढून वाचकांच्या लैंगिक शंकांना निर्भय उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न विचारणे गुन्हा नाही, ही भूमिका मागे राहिली. कर्व्यांचे घराणे दापोलीच्या मुरुडचे आणि आंबेडकरांचे मंडणगडच्या आंबडव्याचे. त्याच दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिराचे दार उघडावे म्हणून उपोषणाला बसले होते. बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूला बसावे, एवढाच त्या उपोषणाचा अर्थ होता.

तेव्हा ठरावांनी भागणार नाही. पक्षाच्या प्रत्येक तालुका कार्यालयात अशा मुलाला दोन रात्री निर्धास्त झोपता यावे. सज्ञान मुलीला बळाने लग्नाला उभे करीत असतील, तर कार्यकर्तीने तिच्याबरोबर ठाण्यात जावे. कामगार व मच्छीमार संघटनांनी सभासदत्वाच्या अर्जावर कोणाचे मन तपासू नये, आणि मुंबईतील जी मंडळे आजही गावाच्या नावाने खोल्या चालवितात, त्यांच्याशी आपल्याच माणसांनी बोलावे. ही बोलणी सभेत टाळ्या मिळविणारी नाहीत; काही ठिकाणी मतेही जातील. पण वळकटी घेऊन दाराशी आलेल्या गाववाल्याला आधी त्याचा स्वभाव विचारून मग आत घ्यायचे असेल, तर त्या खोलीला गावाचे नाव लावण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.