वाय-फायला कडी घातली का?



गेल्या आठवड्यात वर्गात मी विचारलं, "रात्री घराच्या दाराला कडी कोण लावतं?" भराभर हात वर झाले. कुणाची आजी, कुणाचे बाबा. मग विचारलं, "आणि वाय-फायला?" वर्ग एकदम चिडीचूप! मागच्या बाकावरून तेवढा एक आवाज आला, "बाई, त्याला कुठं दार असतं?"

असतं, बरं का! आणि ते मीही एकदा सताड उघडं ठेवलं होतं. गोष्ट 2020 ची. शाळा बंद, अभ्यास मोबाइलवर. त्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब पडले, रेंज गेली. वीज आली तेव्हा आमच्या पेणच्या आळीत वाय-फाय चालू होतं ते आमच्याच घरी. शेजारची मुलं ओट्यावर येऊन बसू लागली. प्रत्येकाला पासवर्ड सांगायचा कंटाळा, म्हणून मी तो काढूनच टाकला. केवढा शेजारधर्म केला, असं वाटत होतं मला!

महिन्याभराने धाकटा भाऊ आला. त्याच्या फोनने पासवर्ड न विचारताच वाय-फाय धरलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, सानपाड्याची गोष्ट विसरलीस वाटतं?"

ती गोष्ट तुमच्या जन्माच्या आधीची आहे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादमध्ये एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तो कुठून आला याचा माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. पेणहून मुंबईला जाताना वाटेत लागतं ना, तेच सानपाडा! तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांचा संगणक जप्त झाला, कसून चौकशी झाली. पण मेल त्यांनी पाठवलाच नव्हता. त्यांच्या वाय-फायला नीट कुलूप नव्हतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कचेरीचं वाय-फायही असंच वापरलं गेलं.

असं कसं होतं? वाय-फाय म्हणजे रेडिओलहरी. भिंत आली म्हणून त्या थांबत नाहीत. ओट्यावर जातात, रस्त्यावरही जातात. आणि बाहेरच्या जगाला दिसतो तो तुमच्या घरच्या जोडणीचा पत्ता. आत बसून मेल कुणी पाठवला, ते त्या पत्त्यावरून कळत नाही. पोलीस आधी दार ठोठावणार ते तुमचंच.

म्हणून कुलूप. पहिलं कुलूप आलं 1997 मध्ये, नाव डब्ल्यूईपी. 2001 मध्ये संशोधकांनी त्यातली भोकं दाखवून दिली. आता ते काही मिनिटांत उघडतं, म्हणजे असून नसल्यासारखंच. 2003 मध्ये डब्ल्यूपीए आलं, 2004 मध्ये डब्ल्यूपीए-टू आणि 2018 मध्ये डब्ल्यूपीए-थ्री. आज या शेवटच्या दोघांपैकी एक हवं.

यातली गंमत ऐका. तुम्ही लॅपटॉपवर पासवर्ड टाइप करता, पण तो हवेतून जातच नाही! डब्ल्यूपीए-टूमध्ये पासवर्ड आणि वाय-फायचं नाव एकत्र करून ताक घुसळावं तसं 4096 वेळा घुसळतात. त्यातून एक किल्ली निघते. लॅपटॉप आपली काढतो, राउटर आपली. मग दोघं एकमेकांना एकेक ताजा आकडा पाठवतात. तो किल्लीत मिसळून आलेलं उत्तर जुळलं, की दार उघडलं. मात्र बाहेर कान लावून बसलेला माणूस हा संवाद टिपून घेऊ शकतो आणि घरी बसून एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. तुमचा पासवर्ड 12345678 असेल तर त्याला चहा संपवायलाही वेळ मिळायचा नाही. पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. 'कासवपापडछत्रीघाट' हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर छान. पण हा आता छापून आला, म्हणजे बाद!

आता लॅपटॉपकडे वळू. कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या खुणेवर क्लिक केलं, की आसपासच्या वाय-फायची नावं दिसतात. आपलं निवडा, पासवर्ड घाला. मग त्याच नावाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी टाइप' पाहा. तिथे 'ओपन' किंवा 'डब्ल्यूईपी' दिसलं, तर आई-बाबांना सांगून राउटरचीच सेटिंग बदलायला हवी. बाहेर कुठे जोडणार असाल तर 'पब्लिक नेटवर्क' निवडा, म्हणजे तिथल्या इतर संगणकांना तुमचा लॅपटॉप सहजी दिसत नाही.

आणखी एक चौकट असते, 'कनेक्ट ऑटोमॅटिकली'. उघड्या वाय-फायसाठी तिथली खूण काढून टाका. का, ते सांगते. मी रोज पेणहून रोह्याला गाडीने जाते. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. समजा, कासूला कुणी 'रोहा' अशी पाटी लावली, तर आपण उतरू का? बाहेर बघून ओळखू की नाही! पण फोन किंवा लॅपटॉप फक्त पाटी वाचतो. एखाद्या उघड्या वाय-फायचं नाव त्याने लक्षात ठेवलं असेल, तर तेच नाव देऊन कुणीही त्याला आपल्याकडे ओढू शकतो. म्हणून काम झालं की अशा नावावर 'फर्गेट' करावं.

आमच्या शाळेतला जुना लॅपटॉप मात्र नव्या राउटरला जोडायलाच तयार नव्हता. एका जाणकारांनी सल्ला दिला, "पासवर्ड काढा, लगेच चालेल!" मी म्हटलं, एकदा केलंय ते. दुखणं एवढंच होतं, की राउटर फक्त डब्ल्यूपीए-थ्रीवर ठेवलेला होता आणि लॅपटॉपला ते येत नव्हतं. 'डब्ल्यूपीए-टू आणि थ्री' असा मिश्र पर्याय निवडला आणि काम झालं.

आणि ओट्यावरची मुलं? पासवर्ड परत घालताना माझा जीव थोडा वरखाली झाला होता. त्यांचा तास बुडवायचा का? भावानेच तोड काढली. बऱ्याच राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड; आमच्या संगणकातल्या फायली त्यांना दिसत नाहीत. तो पासवर्ड मी पाटीवर लिहून ओट्यावर ठेवायची आणि दर रविवारी बदलायची. दुसऱ्याच रविवारी एक चिमुरडी सकाळी सातला हजर, "काकू, नवीन पासवर्ड काय?" अभ्यासाचा तास होता सोमवारी!