मुलीचे कॉलेज सोडवू नका, तक्रार नोंदवा



धुणीभांडी करून, बिगारी करून आपल्या वस्तीतले आईबाप मुलीला कॉलेजात धाडतात. अशा मुलीवर तिथे कोणी हात टाकला, तर ती सगळ्यात जास्त कशाला भिते? "घरी कळले तर शिक्षण बंद होईल" याला. म्हणून ती गप्प राहते, आणि तिच्या गप्प राहण्यावरच गुन्हेगाराचे फावते. तेव्हा आज आम्ही आईबापांशीच बोलणार आहोत.

मुलीने सांगितले तर "तू तिथे गेलीसच कशाला?" असे विचारू नका. "सांगितलेस, बरे केलेस" एवढे म्हणा. लाज करणाऱ्याला वाटली पाहिजे, सोसणारीला नव्हे.

बलात्कार झाला असेल तर आधी रुग्णालय गाठा. सरकारी असो वा खाजगी, पीडितेवर मोफत उपचार करणे प्रत्येक रुग्णालयाला कायद्याने बंधनकारक आहे. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे म्हणून परत पाठविता येत नाही. गर्भ राहू नये आणि एचआयव्हीची लागण होऊ नये, यासाठीची औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितकी लवकर तितकी बरी. जमल्यास तपासणीआधी आंघोळ करू नये. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. धुतले गेले असतील, तरीही तक्रार करता येतेच. तपासणी मुलीच्या संमतीनेच होते. 'दोन बोटांची चाचणी' करणे हे गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले आहे.

मग पोलीस ठाणे. "ही आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकून परतू नका. कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदविता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तसे स्पष्ट लिहिले आहे. बलात्काराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. बलात्कार पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा आहे. अकरावी-बारावीच्या बहुतेक मुली अठराच्या आतल्या असतात. त्यांना 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. त्यात प्रकरण कळूनही पोलिसांना न कळविणे हाच गुन्हा ठरतो, मग ते प्राचार्य का असेनात.

फिर्यादीत जात जरूर नोंदवा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लावण्याचा आग्रह धरा. "तुम्ही बौद्ध, तुम्हाला हा कायदा नाही" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही हा हक्क मिळाला आहे. जातीचा दाखला तयार ठेवा.

तिसरे दार कॉलेजातच आहे. घाणेरडे बोलणे, पाठलाग, मोबाइलवर अश्लील मेसेज, गुणांच्या बदल्यात भलती मागणी, या सगळ्याची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करता येते. हा हक्क फुकट मिळालेला नाही. राजस्थानात 1992 मध्ये बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या कुंभार समाजातील कार्यकर्तीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना न्यायालयात गेल्या आणि 1997 चा विशाखा निकाल आला. त्यातून 2013 चा कायदा आणि 2015 चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम झाले. त्यानुसार समितीची प्रमुख महिला असते आणि एक सदस्य बाहेरचा असतो. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची. चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे. तोवर आरोपीला दुसऱ्या तुकडीत हलवा, तो शिक्षक असेल तर मुलीचे पेपर त्याला तपासू देऊ नका, अशी मागणी करता येते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. समितीकडे गेलात म्हणून पोलिसांचे दार बंद होत नाही, हे ध्यानात ठेवा.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्याची चौकशीही तिथेच करा. तातडीला 112 आणि महिलांसाठी 181 हे फोन आहेत. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन आणि तात्पुरता निवारा मिळतो.

एवढे सगळे करूनही मुलीचे नाव कॉलेजातून काढले, तर जिंकला कोण? वर्ग सोडायचा असेल तर तो आरोपीने सोडावा. आपल्या लेकीने परीक्षेला बसावे, आणि त्या दिवशी तिच्यासोबत घरचे कोणीतरी फाटकापर्यंत जावे.