होर्मुझची सामुद्रधुनी आणि आपल्या घरातला सिलिंडर

जून २०२५ मध्ये इस्राईल आणि इराणमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न होता: पेट्रोल कितीने वाढणार? २२ जूनला इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. अंतिम निर्णय मात्र तिथल्या सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा होता. २४ तारखेला युद्धविराम झाला, सामुद्रधुनी उघडीच राहिली, भाव उतरले आणि स्टाफरूम पुन्हा पेपर तपासणीच्या विषयाकडे वळली. आमच्या मते चर्चा इतक्या लवकर संपायला नको होती.

वर्गात नकाशा दाखवला तर मुलांना खरं वाटत नाही. एकीकडे इराण, दुसरीकडे ओमान, आणि मधली सर्वांत अरुंद जागा जेमतेम ३३ किलोमीटर. जगात रोज खपणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा याच वाटेने जातो. सौदीने लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत आणि अमिरातीने फुजैराहपर्यंत पाइपलाइन नेली आहे, पण सगळं तेल त्यात मावत नाही. कुवेत आणि कतारला तर समुद्रात जायला दुसरी वाटच नाही.

आता आपलं बघू. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे जमिनीखाली ५३.३ लाख टनांचे राखीव साठे बांधले आहेत. ते पूर्ण भरलेले असले तरी पुरतील साडेनऊ दिवस. तेल कंपन्यांचा साठा धरून सरकार ७४ दिवसांचा हिशेब सांगतं. शिवाय २०२२ नंतर रशियाचं तेल मोठ्या प्रमाणात येऊ लागलं, ते होर्मुझमधून येत नाही. म्हणजे पेट्रोल-डिझेलची थोडीफार सोय आहे. खरी फिकीर स्वयंपाकाच्या गॅसची. त्यातला निम्म्याहून जास्त गॅस आयात होतो आणि आयातीचा बहुतेक भाग आखातातूनच येतो. टीव्हीवर पेट्रोलच्या भावाची ओरड होते, सिलिंडरबद्दल कुणी बोलत नाही. कदाचित चर्चा करणाऱ्यांना नंबर लावून सिलिंडरची वाट बघावी लागत नसावी.

‘तेल संपणार’ ही भीती जुनी आहे. अमेरिकेचं उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठेल, असं हबर्ट या भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितलं होतं, आणि तसं झालंही. पुढे शेल तेल आलं आणि तोच देश उत्पादनात जगात पहिला झाला. त्यामुळे विहिरी उद्या कोरड्या पडतील असं आम्हाला वाटत नाही. आपलं मुंबई हाय मात्र म्हातारं झालंय. १९७४ मध्ये सापडलेल्या या क्षेत्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिखर गाठलं, त्यानंतर उतरणच.

पण रत्नागिरी-रायगडच्या आपल्या घरांचा हिशेब याहून वेगळा आहे. भाव वाढला की सिलिंडर आणि मच्छीमार बोटीचं डिझेल महागतं. भाव पडला की आखातातली नोकरी डळमळते. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली गेलं. त्याच वर्षी सौदीत बांधकाम कंपन्यांचे पगार थकले, हजारो भारतीय कामगार कॅम्पमध्ये अडकले, आणि सरकारला त्यांच्या जेवणाची, परतीची व्यवस्था करावी लागली. तेल स्वस्त झालं म्हणून इकडे लोक खूश होते, आणि आपल्यापैकी किती घरांत अब्बांचा पैसा यायचा थांबला होता.

आयटीआय करून आखातात जायची तयारी करणाऱ्या मुलांना आम्ही हल्ली विचारतो: पाइपलाइनचं वेल्डिंग शिकतोस की सोलरचं काम? बहुतेक जण विचारात पडतात. एकाने उलट विचारलं, “सर, सोलरचा व्हिसा मिळतो का?”