नस जोडली, पुढे काय?

वाचकहो, गेल्या दिवाळीत या पानावर आपली भेट झाली नाही. उजव्या हाताने मला तेव्हा चहाचा कपसुद्धा धरवत नव्हता. आषाढातल्या एका वादळी संध्याकाळी बदलापूरच्या आमच्या घरी खिडकीची काच फुटून मनगटात शिरली आणि मज्जातंतू तुटला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टर म्हणाले, "नस जोडली आहे, आता धीर धरा."

तुटलेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर. म्हणजे मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत पोचायला सहा-सात महिने हवेत. आमची लोकल रखडली तरी अंबरनाथ गेले, उल्हासनगर आले, हे खिडकीतून कळते. ही गाडी कुठवर आली ते कळतच नाही. तीन महिने झाले तरी बोटे बधिरच. फळ्यावर पुन्हा लिहिता येईल का, या घोराने रात्रीची झोप उडाली आणि हळूहळू मी व्यायामही टाळू लागलो.

व्यायामाच्या खोलीत उल्हासनगरचे एक शिंपीकाका भेटत. म्हणत, "मास्तर, जखम हाताला आहे, पण भीती पोटाची आहे." अंबरनाथच्या कारखान्यातला एक मुलगा येई. त्या यंत्रासमोर पुन्हा उभे राहायचे, या विचारानेच त्याला घाम फुटे. पुढे तो येईनासाच झाला.

ही गोष्ट जुनीच आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड 1950च्या सुमारास कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करीत. पण सरळ हाताला कोणी भीक घालीना आणि कामही देईना. तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेच्या जोडीला कामधंद्याचे शिक्षण सुरू केले. आपल्याकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनातही 1951 पासून औषधाबरोबर श्रम आणि स्वाभिमान आला.

चिंता व उदासी असली की वेदना अधिक जाणवतात आणि व्यायाम सुटतो, हे आता डॉक्टर जाणतात. तो रोग्याचा आळस नव्हे. शिवाय नस वाढली तरी तिचे निरोप मेंदूला नव्याने शिकावे लागतात, आणि त्यासाठी मन थाऱ्यावर हवे.

अखेर सौ.नेच विचारले, "अहो, डॉक्टरांना हाताचं सांगता, मग झोपेचं का नाही सांगत?" सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. घरी सौ. रोज ताटात रवा, तांदूळ, साबुदाणा मांडी आणि मी डोळे मिटून चाचपून ओळखी. साबुदाणा पहिल्यांदा ओळखला, त्या दिवशी तिने साखर वाटली.

हा मजकूर त्याच हाताने लिहिला आहे. अक्षर अजून वाकडे येते. पण तो अंबरनाथचा मुलगा मनातून जात नाही. आपल्या घरी असा कोणी असेल, तर "बोट हललं का?" याच्या आधी त्याला "रात्री झोप लागली का?" एवढे विचारा. नसेल लागत, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.